इथे असं कोणी राहत नाही

मी संशयी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिकत ऐकून लोक पहिला शेरा तोच मारतात. मी फक्त खात्री करून घेतो. या दोन्हीत फरक आहे, आणि तो सतरा वर्षांच्या संसारात माझ्या बायकोला पटला नाही, याला मी जबाबदार नाही.

माझं कामच तसं आहे. विमा कंपनीकडे कुणी गाडीची भरपाई मागितली की ठोकर बघायला मी जातो. मालक डोळ्यांत पाणी आणून सांगतो, "हो साहेब, उभी होती हो गाडी, मागून कुणीतरी येऊन ठोकली." मी वाकतो, चेपलेल्या भागावरून बोट फिरवतो आणि शांतपणे विचारतो, "मग हिला झाडाची साल कुठून लागली?" दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी घरी येऊन माणूस एकदम भोळा कसा होणार? "आज दूध छान घट्ट आहे" असं दूधवाला म्हणाला तरी मला प्रश्न पडतो, म्हणजे काल काय होतं?

तर एका संध्याकाळी बायको कामावरून आली आणि खांद्यावरची पर्स न काढताच म्हणाली, "मला बोलावलंय."

"कुणी?"

"परदेशातून."

मी खुर्ची मागे सरकवली. आमच्या खुर्चीला एक सवय आहे, सरकवली की ती फरशीवर किंचाळते. लगेच पलीकडून भिंतीवर ठक ठक झालं. शेजारच्या काकू. आमच्या नि त्यांच्या घरात एकच भिंत आहे आणि खुर्ची ओढली की त्या ठोकतात. इतक्या वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत.

बायको कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि पाठवून देतात, त्यावरून ही एका तळघरात बसून दात घडवते. हे तळघर मी पाहिलंय. खिडकी नाही, दिवसा दिवा लावावा लागतो, आणि घरी येते तेव्हा तिच्या भुवयांवर पांढरी भुकटी असते. कवळी बसली की लोक डॉक्टरांचे आभार मानतात. आता एका थंड देशात म्हातारी माणसं फार झालीत आणि दात बनवणारे कमी पडतायत, म्हणून हिच्या कामाचे नमुने बघून तिथल्या एका प्रयोगशाळेने हिला बोलावलं होतं.

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. एक लांब टेबल, टेबलासमोर ही एवढी मोठी खिडकी आणि खिडकीबाहेर झाड.

"पगार काय म्हणतात?" मी विचारलं.

"ही जागा माझी," ती खिडकीवर बोट ठेवून म्हणाली.

"अगं, पगार?"

"इथे बसून मला दाताचा रंग सूर्यप्रकाशात बघता येईल."

असली बाई वाटाघाटी काय करणार? खात्री करून घेणं माझ्यावरच आलं. मी तो फोटो मोठा करून झाडाची सावली आणि इमारतीची सावली एकाच बाजूला पडते का ते पाहिलं. एकाच बाजूला पडत होती. म्हणजे खोटा फोटो बनवणारा हुशार होता. मग मी त्या प्रयोगशाळेला वेगवेगळ्या वेळी फोन केले. प्रत्येक वेळी एकाच बाईने उचलला आणि प्रत्येक वेळी ती तितकीच गोड बोलली. माझ्या अनुभवात खऱ्या कचेरीत इतकं गोड कुणी बोलत नाही. शेवटी त्या बाईने माझ्या बायकोला कळवलं की तुमच्याकडून कुणीतरी गृहस्थ सारखे फोन करून काही न बोलता ठेवून देतात, तुम्हाला त्यांच्यापासून काही त्रास आहे का? त्यानंतर तो तपास मी बंद केला.

माझं काय, हा प्रश्न निघालाच. तिला नोकरी आणि मी तिच्यासोबत. अर्जात माझ्यासाठी एक रकाना होता, 'अवलंबित'. ज्या माणसाच्या एका सहीसाठी गॅरेजवाले चहा घेऊन मागे धावतात, तो अवलंबित! तसे हल्ली धावत नव्हते म्हणा. गाडीचे फोटो मोबाइलवरून पाठवले की यंत्रच ठोकर मोजतं, अशी नवी व्यवस्था आली होती, आणि आठवड्यातले तीन दिवस मी कचेरीत टेबलाचे खण आवरत बसायचो. पण अभिमान तो अभिमान.

"नको असेल तर सांग," बायको म्हणाली. "तू येणार नसशील तर मी पण नाही जाणार. तळघर आहेच."

हे ती खरं बोलत होती की मला बरं वाटावं म्हणून, हे मला कळेना. आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. ती गेली नाही तर आयुष्यभर माझ्याकडे बघून भुवयांवरची भुकटी पुसत राहील. आणि ती एकटीच गेली तर? मी सही केली. अवलंबित.

मात्र एक अट घातली. कागद हातात पडेपर्यंत इमारतीत कुणालाही अवाक्षर सांगायचं नाही. याला कारण होतं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा भाचा. तो परदेशी निघाला तेव्हा सगळ्या इमारतीने गच्चीवर निरोप दिला, भाषणं झाली, वर्गणी काढून सुटकेस भेट दिली. मग त्याला परवानगीच मिळाली नाही. आता त्या सुटकेसमध्ये जुनी पांघरुणं असतात आणि तो जिना उतरताना पाय न वाजवता उतरतो, कारण कुणीतरी दार उघडून विचारतंच, "काय, कधी?" शिवाय सांगितलं की सल्ले सुरू होतात, आणि सल्ल्यांच्या मागे कुणाचा काय हेतू असेल सांगता येत नाही. माझी गाडी उभी करायची जागा फाटकाजवळ, सावलीत आहे. तिच्यावर सेक्रेटरींचा डोळा आहे हे मी पूर्वीपासून ओळखून होतो.

"काकूंना तरी सांगू या," बायको म्हणाली.

"काकूंना सांगणं आणि गच्चीवर भोंगा लावणं यात काय फरक आहे?"

तिला ते आवडलं नाही. काकूंची कवळी हिनेच केली होती, आमच्याच स्वयंपाकघरात बसवून, तीनदा घासून, चौथ्यांदा बसवून. तेव्हापासून हिच्यासाठी काकू म्हणजे माहेरचं माणूस होतं. पण तिने कबूल केलं.

आणि आमच्या गुप्त कारभाराला सुरुवात झाली.

त्या देशाची भाषा शिकणं सक्तीचं होतं. खिडक्या बंद करून आम्ही रोज संध्याकाळी मोबाइलवरचे धडे म्हणू लागलो. ती भाषा हळू बोलताच येत नाही. घशाच्या तळापासून काढावी लागते, आणि "कृपया मला बशी द्या" हेसुद्धा कुणाचा तरी गळा धरल्यासारखं ऐकू येतं. त्यात बायकोचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले. मी चुकलो की ती ओरडायची, ती ओरडली की मी खुर्ची ओढायचो. पहिले काही दिवस काकूंनी भिंतीवर ठोकलं. मग एके दिवशी ठोकणं बंद झालं. त्याचं मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

पुढचा अडथळा लग्नाचा. आमचं लग्न झालं होतं याला चारशे माणसं साक्षी होती आणि सगळी जेवून गेली होती, पण नोंद कुणी केली नव्हती. त्या देशाला नोंद हवी होती. म्हणून सतराव्या वर्षी आम्ही दोघं विवाह नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसलो. आजूबाजूला एकमेकांच्या अंगावर रेलून हसणारी तरुण जोडपी, आणि मध्ये आम्ही. माझ्या हातून निघताना एक कागद घरी राहिला होता, त्यामुळे ती एका दिशेला तोंड करून बसली होती आणि मी दुसऱ्या. नेमके त्याच वेळी आमच्या वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हर कुणाची तरी साक्ष द्यायला तिथे आले. हे पूर्वी न्यायालयात एका साहेबांची गाडी चालवायचे. त्यामुळे कायदा आपल्याला सगळा येतो असं त्यांचं मत आहे. त्यांनी आम्हाला पाहिलं, हात अर्धा वर केला, आणि खाली घेऊन निघून गेले.

"पाहिलं त्यांनी," मी म्हणालो. "आता परदेशाचं फुटलं."

त्यानंतर इमारतीची वागणूक बदलली. सगळी माणसं माझ्याशी गोड बोलू लागली. फोनवरची ती बाई मला आठवली.

काकू भाजीची वाटी आणू लागल्या. वाटी देताना त्या माझ्याकडे न बघता बायकोच्या पाठीवरून हात फिरवायच्या. बायकोने जुन्या कपड्यांची दोन गाठोडी बांधून बाहेर दिली, तर जिन्यात ड्रायव्हर भिंतीला चिकटून उभे राहिले आणि गाठोड्यांना वाट करून देऊन म्हणाले, "वहिनी, मी उचलू का? की राहू देऊ या आजचा दिवस?" पासपोर्टचे फोटो काढायला आम्ही गेलो. तो फोटोवाला आमच्याच गल्लीतला. "दोघांचे वेगवेगळे द्या," असं मी सांगितलं तर त्याने कॅमेरा खाली ठेवून मला पाणी विचारलं.

आणि एके रविवारी सेक्रेटरींनी मला फाटकाशी, माझ्याच गाडीला टेकून गाठलं.

"सगळं कानावर आलंय," ते म्हणाले. "मी कुणाला बोललो नाही. पण वडीलकीच्या नात्याने सांगतो, घाई नको."

"घाई नाही हो. विचार करूनच ठरवलंय."

"दोघांनी?"

"मूळ कल्पना तिची. पण मी सही केलीय."

त्यांनी डोळे मिटले. "अहो, एकदा गेलं की परत येणं सोपं नसतं. तिथे आपलं कोण असतं? आजारी पडलात तर? सुरुवातीला मोकळं वाटतं सगळ्यांना. मग एकट्याने चहा करून प्यायची वेळ येते."

त्यांचं बोलणं माझ्या काळजाला भिडलं. परदेशाविषयी इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण बोलताना त्यांचा हात माझ्या गाडीच्या टपावर होता, आणि तो हात मला दिसत होता.

"ही जागा कुणाला द्यायची ते आम्ही अजून ठरवलेलं नाही," मी थंडपणे म्हणालो.

"जागेचं काय घेऊन बसलात!" ते कळवळून म्हणाले. इतका उत्तम अभिनय मी गॅरेजवाल्यांकडूनही पाहिला नव्हता.

त्यानंतर साधारण आठवड्याने मी कामावरून आलो तर आमच्या दारावरची नावाची पाटी गायब. लाकडी पाटी होती, आम्हा दोघांची नावं कोरलेली, लग्नानंतर हौसेने करून घेतलेली. मी तिथल्या तिथे तपासणी केली. पाटी उपटलेली नव्हती. स्क्रू व्यवस्थित फिरवून काढले होते, दाराचा रंगसुद्धा खरवडला नव्हता. म्हणजे भंगारवाला नव्हे. ओळखीचा, सवडीने काम करणारा, घरात चांगला पेचकस असलेला माणूस. इमारतीत चांगला पेचकस फक्त सेक्रेटरींकडे आहे.

"जिवंतपणी आपलं नाव काढायला लागलेत," मी बायकोला म्हणालो.

"तू काकूंना विचार ना."

"विचारलं. त्या म्हणाल्या, पाटी होती का कधी? काकू! ज्यांना आपल्याकडे कोण कधी आलं ते तारखेसह पाठ असतं!"

खरा प्रकार कळला तो पासपोर्टच्या कचेरीत. महिनाअखेरपर्यंत आमचे कागद पोहोचले नाहीत तर बायकोची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती, म्हणून मी चौकशीला गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने फाइल उघडली, वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची वाटली. झाडाची साल दिसल्यावर मी तसाच बघतो.

"निवास पडताळणीत नापास," तो म्हणाला. "आमचा माणूस येऊन गेला. दिलेल्या पत्त्यावर असं कोणी राहत नाही."

"मी राहतो ना! हा काय उभा!"

"तुम्ही उभे आहात हे दिसतंय. तिथे राहता हे दिसत नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, असं कोणी नाही. वरचे गृहस्थ म्हणाले, नाव ऐकलेलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पूर्वी कोणीतरी होते, कुठे गेले माहीत नाही. वॉचमन तर म्हणाला, या इमारतीत तो मजलाच नाही."

हात जोडून, गयावया करून मी दुसऱ्यांदा पडताळणी करायला कसंबसं राजी केलं त्याला. "शेवटची," तो म्हणाला. आणि बसमध्ये बसल्यावर मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. सतरा वर्षं. यांच्या नळाच्या गळत्या मी सोसल्या, यांच्या सभांना बसलो, आणि एका पार्किंगसाठी या लोकांनी मला अस्तित्वातून पुसून टाकलं! बायकोची ती खिडकी यांनी आपल्या हाताने बंद केली.

जिन्यातच सेक्रेटरी भेटले. मी आवाज चढवला. आवाज ऐकून वरून ड्रायव्हर आले, काकूंचं दार उघडलं, आणि नेमकी बायको कामावरून वर येत होती.

"सांगा की!" मी ओरडलो. "मी इथे राहत नाही ना? मग हा कोण बोलतोय? भूत?"

"हळू बोला," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही जे केलं ते तुमच्या भल्यासाठी."

"त्या माणसाने विचारलं," ड्रायव्हर पुढे सरसावले, "की हे दोघं एकत्र राहतात ना? तेव्हाच मी ओळखलं. नोटीस घेऊन आलाय. मी न्यायालयात वीस वर्षं गाडी चालवलीय. नोटीस घ्यायला माणूसच सापडला नाही की केस पुढे सरकत नाही. म्हटलं, सरकूच द्यायची नाही."

"कसली केस?" बायकोने विचारलं.

ड्रायव्हरांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी काकूंकडे. मग काकूच म्हणाल्या, "घटस्फोटाची."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रोज संध्याकाळी खिडक्या लावून भांडायचात," काकू म्हणाल्या. त्यांची कवळी थरथरत होती. "कसल्या कसल्या आवाजात. मी भिंतीवर ठोकायचंसुद्धा सोडलं, म्हटलं अजून चिडतील. मग गाठोडी निघाली. मग वेगवेगळे फोटो. मला वाटलं, आता कागद आला की ही पोर एका बाजूला आणि हा दुसऱ्या. या वयात खोटं बोलले मी त्या माणसाशी. सेक्रेटरींना म्हटलं, पाटीच काढा, म्हणजे त्याला दारच सापडणार नाही." आणि त्यांनी आत जाऊन आपल्या कपाटातल्या घड्यांखालून आमची पाटी आणली. मऊ फडक्यात गुंडाळलेली. स्क्रू वेगळ्या पुडीत.

बायको जिन्याच्या पायरीवर खालीच बसली आणि हसायला लागली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसणं कुठे संपलं ते कळलं नाही. तिनेच सगळं सांगितलं. खिडकी, थंड देश, भाषा, लग्नाची नोंद.

मला वाटलं, आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही.

"म्हणजे तुम्ही परदेशी जाताय," सेक्रेटरी हळूच म्हणाले, "आणि आम्हाला सांगितलं नाही."

"पार्किंग..." मी काहीतरी बोलायला गेलो.

काकूंनी पाटी माझ्या हातात दिली. "भिंतीपलीकडे राहत होते मी," त्या म्हणाल्या. "परकी नव्हते." आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

पाटी मी परत लावली. पेचकस सेक्रेटरींनी आपणहून आणून दिला आणि धरायला दिवाही आणला. काकूंकडून मात्र वाटी आली नाही. मी मुद्दाम खुर्ची ओढून पाहिली. पलीकडे सामसूम.

"काकूंनी पडताळणीत नाही म्हटलं तर?" मी बायकोला विचारलं.

"तर नाही म्हटलं," बायको म्हणाली. "मी त्यांच्या जागी असते तर बोललेच नसते."

पडताळणीचा माणूस परत आला तो आम्ही दोघं घरी असताना. दातात काडी, काखेत फाइल, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपल्यालाही आपण म्हणतो ते खोटंच वाटावं. धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. सेक्रेटरींनी या वेळी कसर ठेवली नव्हती. सगळी इमारत जिन्यात उभी केली होती.

"राहतात! सतरा वर्षं राहतात!" ड्रायव्हर म्हणाले.

"परवा तुम्हीच म्हणालात नाव ऐकलेलं नाही."

"ते... परवाचं वेगळं होतं."

"हा मजला आहे," वॉचमन खालून ओरडला. "मी मोजला."

त्या माणसाने फाइल मिटली. "परवा सगळे नाही म्हणत होते, आज सगळे हो म्हणतायत. काहीतरी देणं-घेणं झालेलं दिसतंय. मी काय लिहायचं ते मला समजलं." तो वळला. बायकोने माझा हात धरला.

तेवढ्यात काकूंचं दार उघडलं. त्या नीटनेटकी साडी नेसून, केस बांधून बाहेर आल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "परवा मी खोटं बोलले. माझ्या नावानिशी लिहा."

"आजी, मग आज खरं बोलताय कशावरून?"

"मला वाटतं यांनी जाऊ नये," त्या म्हणाल्या. "माझं इथे दुसरं कोणी नाही. मी आज दार उघडलं नसतं, गप्प बसले असते, तर हे दोघं माझ्या भिंतीपलीकडेच राहिले असते. जन्मभर. हो की नाही? तरी मी सांगतेय की हे इथे राहतात. खोटं बोलणारी बाई आपल्या पायावर असा धोंडा कशाला पाडून घेईल?"

मग त्यांनी आपल्या तोंडाकडे बोट केलं. "हे दात या पोरीने केलेत. हिला उजेडात बसू दे."

त्या माणसाने दातातली काडी काढली. त्याने बराच वेळ काकूंकडे पाहिलं, मग आमच्या पाटीकडे, आणि उभ्यानेच लिहायला घेतलं.

आम्ही निघालो त्या दिवशी सेक्रेटरींनी गच्चीवर भाषण केलं नाही, मीच नको म्हटलं होतं. पण भाच्याने ती सुटकेस रिकामी करून आणून दिली. माझ्या पार्किंगच्या जागेत आता काकू खुर्ची टाकून सावलीला बसतात, तसा ठराव मीच मांडून पास करून घेतला. पाटी आम्ही काढून बरोबर घेतली.

इथे येऊन आता काही महिने झाले. खिडकी खरी निघाली. झाड मात्र नाही, फोटो काढल्यानंतर ते तोडलं असं म्हणतात. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बायको खिडकीशी बसून दाताचा रंग उजेडात बघते, आणि उजेड लवकर संपतो म्हणून पहाटे लवकर जाते. कवळी कुणी केली ते इथे डब्यावर लिहितात. पहिल्या डब्याचा फोटो तिने काकूंना पाठवला. मी भाड्याच्या गाड्या धुतो. धुताना ठोकर दिसते. ती कशी झाली असेल हे मला चटकन कळतं, पण विचारणारं कुणी नाही. मी मनातल्या मनात अहवाल लिहितो आणि पाण्याचा पाइप फिरवतो.

इथेही पडताळणी असते. तो माणूस आम्ही बाहेर असताना येऊन गेला, आणि नंतर फोनवर अगदी नम्रपणे म्हणाला, शेजारच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या इथे कोण राहतं मला माहीत नाही. काही हरकत नाही, घराचा करार दाखवा. करार दाखवला, काम झालं. कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत.

"खोटं बोलली बाई," मी म्हणालो. "रोज जिन्यात दिसते."

"खरं बोलली," बायको म्हणाली.

त्या संध्याकाळी मी आमची पाटी दाराला लावली. भोकं पाडायला परवानगी नाही म्हणून चिकटपट्टीने. मग शेजारचं दार वाजवलं. दार साखळीइतकं उघडलं. फटीतून एका म्हाताऱ्या बाईचा डोळा दिसला. इतकी संशयी नजर मी फक्त आरशात पाहिली होती. मी घशाच्या तळापासून आवाज काढून, पाठ केलेलं सगळं सांगितलं. आम्ही इथे राहतो. दोघं. ती दात बनवते. मी गाड्या धुतो. आमचं लग्न झालेलं आहे, नोंदसुद्धा आहे. काही लपवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"सांगितलंस ना, पुरे," बायको म्हणाली.

पण मला खात्री करून घ्यायची सवय. इथल्या घराची खुर्ची हलकी आहे, पायांना रबर लावलेलं होतं. ते मी काढून टाकलं. रोज संध्याकाळी चहा झाला की मी खुर्ची त्या बाईच्या भिंतीपर्यंत ओढत नेतो आणि परत आणतो. तिथे ठेवायचं काही नसतं.

काल पलीकडून भिंतीवर ठक ठक झालं. चांगलं जोरात, चिडून.

आम्ही दोघं कप हातात धरून भिंतीकडे बघत राहिलो.

"अजून एकदा ओढ," बायको म्हणाली.